काजळीचे वजन कसे करतात?

चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला, कंदिलाच्या काचेला, ट्रकच्या धुराच्या नळीला जे काळे लागते ती काजळी. भांड्याची काजळी राखेने घासली की निघते. पण जी भांड्याला न चिकटता हवेत उरते ती श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि तिथे घासणी पोहोचत नाही. म्हणून या वेळी आपण समजून घेऊ की हवेतली काजळी मोजतात कशी आणि ते मोजमाप आपल्या कामाचे का आहे.

काजळी म्हणजे काय?

लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, डिझेल पुरते जळले नाही की कार्बनचे बारीक कण सुटतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. काजळीचे बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षाही लहान. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते, हे कण थेट वायुकोशापर्यंत जातात. शिवाय ते एकटे जात नाहीत. बेंझोपायरीनसारखी कॅन्सरकारक रसायने अंगाला चिकटवून घेऊन जातात.

हे ज्ञान जुने आहे. १७७५ साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी नोंदवले की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या पिशवीच्या कातडीचा कॅन्सर होतो. त्या धुराड्यांत लहानपणापासून उतरवली जायची ती गरिबाघरची मुले. कामामुळे होणाऱ्या कॅन्सरची ही पहिली नोंद मानली जाते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने डिझेलचा धूरही कॅन्सरकारक ठरवला.

नुसते वजन का पुरत नाही?

शहरातल्या फलकांवर 'पीएम २.५' असा आकडा असतो. हे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचे वजन. आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सांगितले. पण या वजनात रस्त्याची माती, क्षार आणि काजळी सगळे एकत्र तोलले जाते. किती आहे ते कळते. काय आहे आणि कुठून आले ते कळत नाही.

यंत्र कसे चालते?

यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचे तुकडे वजनाप्रमाणे वेगळे करणारे यंत्र वापरतात. साध्या प्रकारात हवेतले कण सुमारे ६०० अंश तापलेल्या पृष्ठभागावर आदळवून त्यांची वाफ करतात. काजळी मात्र इतक्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणून अमेरिकेतल्या एरोडाइन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यात लेसर बसवला. त्याचे काम टप्प्याटप्प्याने असे चालते:

१. बारीक छिद्रातून हवा आत घेऊन कणांची एक सरळ धार करतात.
२. निर्वात नळीत ठरावीक अंतर कापायला कणाला किती वेळ लागला यावरून त्याचा आकार काढतात. लहान कण लवकर पोहोचतो, मोठा मागून.
३. वाटेत अदृश्य अवरक्त लेसर असतो. काळी वस्तू उन्हात जास्त तापते, तशीच काजळी हा प्रकाश शोषून हजारो अंश तापते आणि तिची वाफ होते. मिठाचा पांढरा कण तसाच पुढे निघून जातो.
४. त्या वाफेवर इलेक्ट्रॉनचा मारा करून तिच्या तुकड्यांना विद्युतभार देतात आणि त्यांचे वजन करतात.

कार्बनच्या एका अणूचे वजन १२. म्हणून काजळी असली की १२, २४, ३६ असे ठसे उमटतात. काजळीवरचा लेपही तिच्याबरोबर वाफ होतो आणि तोच तिचा पत्ता सांगतो. लाकूड जळताना तयार होणाऱ्या एका साखरेचा तुकडा ६० वर दिसतो. डिझेल आणि इंजिन ऑइलच्या धुरात ५७ चा ठसा ठळक असतो.

आता कुणी विचारेल, कार्बनचे पाच अणू मिळूनही ६० च होतात, मग ओळखायचे कसे? चांगले यंत्र दशांशात तोलते. पाच कार्बनचे वजन ६०.००, लाकडाच्या तुकड्याचे ६०.०२. एवढ्याशा फरकावरून दोन्ही वेगळे काढता येतात.

यंत्राला मर्यादा आहेत. ते महाग आहे, चालवायला तज्ज्ञ लागतात, आणि ठाऊक वजनाची काजळी सोडून ते आधी जुळवून घ्यावे लागते. म्हणून रोजच्या नोंदीसाठी फिल्टर किती काळा पडला हे प्रकाशाने मोजणारे एथॅलोमीटर वापरतात.

आपला संबंध काय?

वॉर्डात काम करताना आम्ही अशा कितीतरी बाया पाहिल्या, ज्यांच्या केस पेपरवर 'विडी-सिगारेट नाही' असे लिहिलेले असे, तरी चार पायऱ्यांत धाप लागे. विडीबद्दल विचारले जाई, चुलीबद्दल नाही. आणि वस्तीबाहेर हवेची चर्चा निघाली की मात्र सगळा दोष चुलीवर येतो. वस्तीला लागून धावणाऱ्या ट्रकचे नाव कुणी काढत नाही. कोणाचा धूर किती, हे मोजूनच ठरले पाहिजे. सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटवणाऱ्या बाईला बोल लावणे हे मोजमाप नव्हे.

लक्षात ठेवा

- दवाखान्यात गेल्यावर चूल किती वर्षे फुंकली, काम कुठे केले, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा.
- लाकूड वाळलेले वापरा, धुराला वाट ठेवा, गरोदर बाई आणि तान्हे बाळ धुरापासून दूर ठेवा.
- तोंडाला बांधलेला रुमाल काजळी अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो.
- दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर फुप्फुसाची आणि टीबीचीही तपासणी करून घ्या.
- प्रदूषण मंडळाला विचारा: मोजणीचे यंत्र आमच्या वस्तीपासून किती दूर आहे? नुसते वजन मोजता, की काजळीही?