उलट्या आट्याचा कपलर

सांगली, रविवार

चि. मनू,


तुझा फोन आला तेव्हा टेबलावर दोन पंखे उघडून पडले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. ताईचा मिक्सर काढून टाकू का, असं विचारलंस. आणि त्याच दमात बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, स्टीलच्या स्ट्रॉ, सेंद्रिय कापसाच्या पिशव्या मागवल्याचंही सांगितलंस. घरातलं प्लास्टिक सगळं बाहेर, आता पर्यावरणाला धरून राहायचं. पोरी, तुझ्या हेतूबद्दल शंका नाही. पण चाळीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांची तोंडं बघत बसलोय, त्यातून जे ध्यानात आलं ते लिहितो.

मिक्सर घेऊन येणाऱ्यांत दोन जाती. एक म्हणते, "बघा हो, काही होतंय का." दुसरी पिशवीतून मिक्सर काढता काढताच म्हणते, "गेलाच असेल ना आता? फार जुना आहे." या दुसऱ्या जातीला दुरुस्ती नको असते. मिक्सर मेला हे माझ्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणजे घरी सांगता येतं की मेकॅनिकच म्हणाला. नवा बहुधा आधीच पसंत करून झालेला असतो. मिक्सर बिघडलेला नसतो, त्याचा कंटाळा आलेला असतो. आणि कंटाळा आला म्हणून वस्तू टाकायची आपल्या माणसाला अजून लाज वाटते. ती लाज उतरवायला दाखला लागतो.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मधली तीन-चार वर्षं दुकानात नवे मिक्सर विकायला ठेवले होते. तेव्हा "वायंडिंग जळालंय, खर्च करण्यात अर्थ नाही" हे वाक्य फार सहज निघायचं. एका बाईंना असंच सांगून नवा दिला आणि संध्याकाळी त्यांचा जुना उघडला, तर नुसते कार्बन ब्रश झिजलेले. तो मिक्सर आजही आपल्या स्वयंपाकघरात चालतो. तुझी मामी चटणी वाटायला लागली की मला त्या बाई आठवतात.

आता तुझी यादी बघ. हिरवं पान छापलेला खोका म्हणजे तसलाच दाखला. पूर्वी वस्तू टाकायला मेकॅनिक लागायचा, आता घ्यायला पान पुरतं. कापडी पिशवीचंच घे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली हिशेब मांडला होता की, तापमानवाढीपुरतं बोलायचं तर, एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. ती प्लास्टिक पिशवी पुन्हा कचऱ्यासाठी वापरली असेल, तर त्याहूनही जास्त. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, गिरणीला वीज लागते. म्हणून प्लास्टिक चांगलं असं कुणी समजू नये; ते गटारात तुंबतं, गाईच्या पोटात जातं, तो हिशेब वेगळा. पण २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर लग्नात, उद्घाटनात, वाढदिवसात वाटलेल्या किती पिशव्या तुझ्या घरात आहेत? माझ्या दाराआडच्या खुंटीला नऊ आहेत. बाजारात जाते ती एकच, मळकी. बाकीच्या आठ १३१ला कधी पोचायच्या? आणि तू आणखी मागवल्यास.

वाचनालयात एकदा दिदरो या फ्रेंच लेखकाच्या १७६९च्या एका निबंधाबद्दल वाचलं होतं. गृहस्थाकडे नवा उंची झगा आला. त्याच्याशेजारी गवती विणीची खुर्ची ओंगळ दिसायला लागली, म्हणून चामड्याची आली. मग टेबल खटकलं, मग भिंतीवरची चित्रं. शेवटी बिचारा जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. पुस्तकावरची धूळ त्यानेच पुसायचा, टाकाची शाई अडली तर त्याच्याच पदराला टेकवायचा. नव्याला हात लावायची भीती. तुझ्या काचेच्या बरण्या आल्या ना, की महिन्याभरात फडताळ जुनं दिसेल, बघ. तेव्हा खर्च बरणीच्या किमतीवर थांबत नाही.

घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. छताचा पंखा जुना असेल तर जरूर बदल. जुना ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा ३०च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा-एक युनिट वाचतात. मिक्सर मात्र ७५० वॉटचा असला तरी दिवसातून दहा मिनिटं चालणार, म्हणजे युनिटचा आठवा हिस्सा. तो बदलून काय वाचणार? जी वस्तू दिवसभर चालते तिथे नव्याचा विचार कर. आणि पंखा कमी खातो म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवू नकोस. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेवन्स याने १८६५ मध्येच लिहून ठेवलंय की वाफेची इंजिनं कोळसा कमी खायला लागली, तसा देशाचा कोळसा जास्तच जळायला लागला.

आणि आजीच्या काळाचे गोडवे गाऊ नकोस. ती जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, बोहारणीशी अर्धा तास हुज्जत घालून तीन साड्यांवर एक पातेलं घ्यायची, ते पर्यावरणासाठी नव्हे. पैसे नव्हते म्हणून. हातात पैसे असते तर तिनेही मऊ रजई घेतली असती. तुझ्या हातात पैसे आहेत, म्हणून तुझं काम तिच्यापेक्षा अवघड.

त्याला नुसता निश्चय पुरत नाही. मी दुकानात एक युक्ती करायचो. दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक आलं की मिक्सर ठेवून घ्यायचो आणि सांगायचो, "परवा या." परवापर्यंत निम्म्यांची नव्याची घाई उतरलेली असायची. तूही रात्री अंथरुणात पडून फोनवर जे निवडतेस ते परवाच मागवत जा. आणि चार माणसांत बोलत जा. आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींचा मिक्सर मी चालू करून दिला, त्यांनी ते भिशीत सांगितलं, तर आठवड्यात पाच मिक्सर आले. अमेरिकेतल्या एका हॉटेलात असाच प्रयोग झाला होता, २००८ साली छापून आला. "पर्यावरण वाचवा" या चिठ्ठीपेक्षा "या खोलीत उतरलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला" ही चिठ्ठी जास्त चालली. माणूस शेजाऱ्याकडे बघून वागतो, एवढंच. मग शेजाऱ्याला बघायला काहीतरी बरं दे. सोवळेपणा नको; बांबूचा ब्रश दाखवून तो येतोच.

आता ताईचा मिक्सर. मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही आणि खाली काळा चुरा पडतो म्हणालीस, तर कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा तुकडा, गेलाय. आधी प्लग काढ. मिक्सर आडवा कर. बुडाला मोटरच्या दांड्याचं टोक दिसेल, त्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून ते घट्ट धर आणि कपलर घड्याळाच्या दिशेने फिरव. आटे उलटे असतात, नेहमीसारखं सोडवायला गेलीस तर आणखी आवळेल. जोर लागेल, घाबरू नकोस. जुना कपलर सोबत घेऊनच दुकानात जा, मापं वेगवेगळी असतात. भांड्याच्या झाकणाची रिंगही बघ, सैल झाली असेल. अंग पिवळं पडलंय म्हणालीस, त्याला इलाज नाही.

मामी विचारतेय, दिवाळीला कोणत्या गाडीने येतेस.

तुझा,
मामा