आजोबांची दिनदर्शिका

आमच्या आजोबांची दृष्टी अधू झाली होती. छापील दिनदर्शिकेतील बारीक अंक त्यांना दिसत नसत. रोज कोणास तरी तारीख विचारावी लागे, याचे त्यांना वाईट वाटे. म्हणून वडिलांनी व मी त्यांच्यासाठी ॲक्रिलिकची मोठी दिनदर्शिका करण्याचे ठरविले. पाटीवर सात उभ्या ओळींत १ ते ३१ अंक, वर महिन्याची व वारांची बदलती नावे आणि प्रत्येक अंकाखाली एक भोक. त्या भोकांतून तांबडी खुंटी रोज एक घर पुढे न्यावयाची.

ॲक्रिलिक हे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक होय. दृश्य प्रकाश त्यातून आरपार जातो. परंतु कार्बन डायऑक्साइड लेझरचे अदृश्य किरण त्यात शोषले जातात व ते कापले जाते. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी निर्माण केला. त्यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

कारखान्यात पाटी कापून आणली. पण ती फसली. पारदर्शक पाटीवर कोरलेले अंक पांढऱ्या भिंतीपुढे दिसेनात. शिवाय मी ती स्पिरिटने पुसताच भोकांभोवती केसासारखे तडे उमटले. लेझरच्या उष्णतेने कडांत ताण राहतो व स्पिरिट लागले की तेथे तडे जातात, असे यंत्रावरील काकांनी सांगितले.

मग मी स्वस्त अशी पीव्हीसीची शीट सुचविली. काकांनी साफ नकार दिला. ते म्हणाले, “बाळ, पीव्हीसीत क्लोरीन असते. लेझरने ते जळले की हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. तो फुप्फुसांस घातक असतो आणि यंत्रही गंजवतो.”

अखेर कमी अंतर्गत ताण असलेली ओतीव ॲक्रिलिकची ३ मिलिमीटर जाडीची काळी शीट निवडली. तिच्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकचे अंक बसविले. भोके कडेपासून दूर ठेवली. स्पिरिटऐवजी सौम्य साबणाचे पाणी व मऊ फडके वापरले.

आता आजोबा रोज सकाळी स्वतः खुंटी पुढे सरकवतात आणि आम्हांलाच तारीख सांगतात! वस्तूचे रूप पाहून नव्हे, तर तिचे गुण जाणून ती निवडावी, हे मी त्या पाटीपासून शिकलो.

शब्दार्थ : अधू – कमजोर. दाहक – जाळणारा. ओतीव – साच्यात ओतून केलेले.

स्वाध्याय
१. पहिली दिनदर्शिका का फसली?
२. काकांनी पीव्हीसीला नकार का दिला?
३. तुमच्या घरातील एक वस्तू घ्या. ती ज्या पदार्थाची आहे तो का निवडला असेल, ते पाच ओळींत लिहा.