सांगा बरं, मी कोण?

आधी सासूबाई खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या, पुढे सासरे न्यूमोनियाने. दोघांचाही मूळ आजार बरा झाला. छळलं ते दवाखान्यात सुरू झालेल्या भ्रमाने, डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात त्याने. उशाशी बसून जे कळलं ते लिहिते.

१. माणूस कालपर्यंत कसा होता, हे दाखल करतानाच सांगा. ऑपरेशननंतर रात्री सासूबाई "नळ आले, उठा, भांडी लावा" म्हणत पलंगावरून उतरू लागल्या. (आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही, इथल्या बाईला भ्रम झाला तरी तो नळाचाच होणार.) वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, "या वयात चालायचंच." त्यांनी तर सासूबाईंना प्रथमच पाहिलं होतं. आदल्या आठवड्यात त्या भिशीचा हिशेब तोंडी करत होत्या, हे आमच्याशिवाय कोण सांगणार? स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो, कमीजास्त होत राहतो. मग कारण शोधावं लागतं: जंतुसंसर्ग, सोडियम, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवं औषध.

२. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र उशाशीच हवं. हरवेल म्हणून घरी पाठवू नका.

३. शांत पडलेल्याकडे जास्त लक्ष द्या. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. सासरे मात्र भिंतीकडे बघत पडून राहायचे, घास तोंडात तसाच धरायचे. सगळे म्हणाले, "त्यांचा काही त्रास नाही हो." हाही डिलिरियमच, आणि तोच नजरेतून सुटतो. वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगा. एरवी सहज जमणारा माणूस शनिवारवरून शुक्रवारवर येईना, की राउंडला सांगा.

४. झोपेची गोळी आपणहून मागू नका. रुग्ण रात्री बरळतो, शेजारचे कुरकुरतात, मग आपणच सिस्टरकडे गोळी मागतो. डायझेपामच्या जातीच्या गोळ्या, अगदी खाज-सर्दीच्या काही साध्या गोळ्यासुद्धा, म्हातारपणी भ्रम वाढवू शकतात. उलट, घरी वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम दवाखान्यात एकदम बंद झाली तरी भ्रम होऊ शकतो. म्हणून औषधांची सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ओता, आयुर्वेदिक पुड्यांसकट.

५. भेटायला येणाऱ्यांना आवरा. बीड-जालन्याहून माणसं गाडी करून येतात, पलंगाभोवती कोंडाळं करतात आणि विचारतात, "ओळखलं का? सांगा बरं, मी कोण?" आधीच बावरलेल्या माणसाची ही तोंडी परीक्षा, आणि उत्तर चुकलं की सगळे एकमेकांकडे बघणार! आम्ही दाराशीच बजावायचो: एकेकटे आत जा, नाव-गाव-नातं स्वतः सांगा, बोलता बोलता वार आणि वेळ कानावर घाला. नणंदेला हे छान जमायचं. "आई, आज गुरुवार, तुमच्या उपासाचा" म्हणत ती खिडकीचा पडदा सारायची.

६. उशाशी बसणं हाही उपचार आहे. १९९९ साली येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनूये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, खास काळजी घेतलेल्यांत ९.९ टक्क्यांना. खास म्हणजे काय? चालवणं, पाणी पाजणं, चष्मा देणं, गप्पा, रात्री कोमट दूध. त्यासाठी तिकडे स्वयंसेवक शिकवून तयार केले. आपल्या घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, मराठवाडाभरातून येणाऱ्या रुग्णांबरोबर घरचं माणूस डबा-चटई घेऊन आलेलंच असतं. त्याला नुसतं औषध आणायला पळवणं ही मला उधळपट्टी वाटते.

७. घरी आल्यावर लगेच निकाल लावू नका. डॉ. प्रतीक पंढरीपांडे आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अमेरिकेतला अभ्यास अतिदक्षता विभागातून गेलेल्यांचा होता. वर्षभरानंतरही त्यांच्यातल्या सुमारे चौघांत एकाची बुद्धी सौम्य अल्झायमरसारखी मंदावलेली होती. आमच्याकडे सासूबाई दिवाळीपर्यंत सावरल्या, भिशीही पुन्हा सुरू झाली. सासरे पूर्वीसारखे झाले नाहीत. स्मरणशक्तीची तपासणी माणूस सावरल्यावर करा, आणि तोवर शेतीच्या, बँकेच्या कागदांवर सह्या घेऊ नका, भाऊबंद कितीही घाई करोत.

८. डिस्चार्ज कार्डावर "डिलिरियम झाला होता" असं लिहून घ्या. पुढच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.