मासळीचा टेम्पो, खारं पाणी आणि ब्रेक: पावसाळ्याआधीचा हिशेब

सेकंड हँड छोटा टेम्पो घेऊन वाहतुकीचा धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण डिझेल, हप्ता आणि टायर इतकंच वहीत लिहितो. ब्रेकचं खातं बहुतेकांच्या वहीत नसतंच. आजचा धडा त्या खात्याचा. उदाहरण घेऊ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटाने कोल्हापूरला मासळी नेणाऱ्या टेम्पोचं. ब्रेकचे जितके म्हणून शत्रू आहेत, ते सगळे या एका रूटवर भेटतात.

पहिला शत्रू साधा आहे, पाणी. बऱ्याच छोट्या टेम्पोंना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क उघडी असते, त्यामुळे तिच्यावरचं पाणी पॅड घासले की लगेच उडतं. ड्रम बंद डब्यासारखा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि पाणी आत शिरलं की लायनर ओले होतात आणि पटकन सुकत नाहीत. मग ड्रायव्हर पॅडल दाबतो, पण गाडी क्षणभर तशीच पुढे जाते. हा क्षण किती महाग पडतो बघा. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक फक्त अर्धा सेकंद उशिरा लागला तरी साडेपाच मीटर गेले, म्हणजे छोट्या टेम्पोच्या स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. ताशी ६० ला हेच आठ मीटरच्या वर जातं.

यावर उपाय फुकटचा आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कोणी चिकटलेलं नाही ना ते बघायचं, वेग कमी ठेवायचा आणि चालत्या गाडीत दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबायचा. घासल्याने उष्णता होते आणि पाणी सुकतं. ड्रायव्हर पगारी असेल तर त्याला हे सांगायचं काम तुमचं. 'त्याला येत असेलच' असं धरून चालू नका.

दुसरा शत्रू मीठ. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे गाड्यांच्या डिस्कवर मिठाचा थर बसतो आणि पहिला ब्रेक उशिरा लागतो. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण मासळीच्या टेम्पोत आपण स्वतःच ते घेऊन फिरतो! क्रेटमधला बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटीतून खाली गळतं आणि मागच्या ड्रमवर, ब्रेकच्या लोखंडी पाइपवर, हँडब्रेकच्या केबलवर पडतं. वर समुद्राची हवा आहेच.

मिठाचं नुकसान एका दिवसात दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर लालसर गंज दिसला तर घाबरू नका. तो वरवरचा असतो, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. काळजी करायची ती आतल्या गंजाची. पुढच्या कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या की एक पॅड झिजतो आणि दुसरा नवाकोरा राहतो. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर, वर माल असताना गाडी ओढली की काय होतं ते सांगायला नको.

म्हणून रोज माल उतरवल्यावर हौदा धुता तसं खालूनही गोड्या पाण्याचा फवारा मारा. पाच मिनिटांचं काम आहे. हौद्याला खाली ताडपत्री किंवा पत्रा मारून पाणी एका नळीने बाजूला काढता आलं तर अजून उत्तम. आणि धुतलेली ओली गाडी रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली लाकडी ठोकळा लावा.

आता घाट. जाताना मासळी घेऊन गाडी घाट चढते, तिथे जोर इंजिनाला. खरी परीक्षा परतीला असते. परतीचं भाडं सोडायचं नाही म्हणून कोल्हापुरातून भाजीपाला भरून आपण खाली उतरतो, आणि 'उतारच तर आहे' म्हणून दोन पोती जास्तच टाकतो. मालासकट १६०० किलोची गाडी समजा ४०० मीटर खाली उतरली, तर साधारण २० लिटर थंड पाण्याला उकळी येईल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायला गेलात तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद केलंत तर बूस्टरची मदतही एक-दोन दाबांत संपते.

इथे तिसरी गोष्ट येते, ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातली हवा किती दमट ते तुम्हाला माहीत आहे. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ धरली जाते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. तापलेल्या ब्रेकमध्ये असं जुनं ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पॅडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. डब्यात ऑइलची पातळी बरोबर दिसत असली तरी हे होऊ शकतं. म्हणून नुसतं वरून भरणं पुरत नाही. दोन वर्षांनी तरी पूर्ण बदला आणि एअर काढून घ्या. दर्जा मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच.

पैशांचं बोलू. आकडे समजण्यासाठी धरतोय, तुमच्या गॅरेजचे घालून बघा. वर्षातून दोनदा ब्रेकचं पूर्ण काम, प्रत्येक वेळी ६,००० रुपये धरले तर १२,००० झाले. वर्षात दहा महिने, महिन्याला १२ फेऱ्या, म्हणजे १२० फेऱ्या. फेरीमागे १०० रुपये. जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटरच्या फेरीत हे भाड्यात बसवता येतं. बसत नसेल तर तुमचं भाडंच चुकीचं ठरलंय. दुसरीकडे गाडी दहा दिवस वर्कशॉपला लागली तर चार फेऱ्या गेल्या, हप्ता चालूच राहिला, आणि व्यापाऱ्याने दुसरा टेम्पो धरला. बर्फावरची मासळी तुमची वाट बघत नाही.

काम कधी करायचं? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बरेच जण या काळात भाजीपाला किंवा इतर माल मारतात, ते ठीक. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातले दोन दिवस गॅरेजसाठी राखून ठेवा. १ ऑगस्टला हंगाम उघडतो तेव्हा भर पाऊस असतो आणि मेकॅनिककडे रांग. दुसरी खेप दिवाळीनंतर.

गॅरेजला गाडी देताना 'ब्रेक बघून घ्या' असं मोघम सांगू नका. मागचे ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडरची गळती दाखवायला सांगा. कॅलिपरच्या पिना काढून, साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, साधं नको. गाडीखालचे पाइप हाताने पुसून गंज बघा. निघालेले जुने पॅड मागून घ्या आणि आतला-बाहेरचा शेजारी ठेवून जाडी बघा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा लिहून घ्या आणि ते बिल गाडीच्या फाइलला लावा. उद्या टेम्पो विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकाला हीच फाइल दाखवायची आहे.