कापड की यंत्राचा भाग? आयात मालाचा क्रमांक कसा ठरतो

परदेशातील पुरवठादार ऑर्डर घेताना पुष्कळदा सहज विचारतो, "बिलावर मालाचे नाव काय लिहू?" आपल्या काही व्यापारी बांधवांना ही मोठी सोय वाटते. बॅगा शिवणारे कारागीर, ताडपत्रीचे व्यापारी, स्क्रीन प्रिंटिंगवाले, अशा अनेकांच्या कामाला बाहेरचे रेक्झिन, जाळी, गाळणीचे कापड लागते. पण बंदरात माल अडकला, नमुना तपासणीला गेला आणि रोजचे भाडे चढू लागले, की कळते की पुरवठादाराने विचारलेला प्रश्न फार महाग होता. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती आम्ही येथे देत आहोत.

आयात मालावरील शुल्क सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ याच्या अनुसूचीप्रमाणे आकारले जाते. २८ फेब्रुवारी १९८६ पासून ही अनुसूची 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेली आहे. आपल्याकडे क्रमांक ८ अंकी असतो. त्यातील पहिले ६ अंक ही पद्धत पाळणाऱ्या सर्व देशांत समान असतात, पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. म्हणून पुरवठादाराच्या बिलावरचा क्रमांक जसाच्या तसा उतरवणे धोक्याचे आहे. क्रमांक बदलला की दर बदलू शकतो. काही कापडांवर तर शेकडा दर किंवा चौरस मीटरमागे वा किलोमागे ठराविक रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते भरावे लागते.

औद्योगिक कापडाच्या बाबतीत पहिला घोळ होतो तो उपयोगावरून. माल कारखान्यात, यंत्रावर वापरायचा, तेव्हा तो यंत्राचा भाग, असे अनेकजण समजतात. यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. पोरिट्स अँड स्पेन्सर (एशिया) या कंपनीचे 'ड्रायर फेल्ट' कागद गिरण्यांत ओला कागद सुकवण्याच्या कामी येत. हे यंत्रासाठी लागते, सबब हे कापड नव्हे, असे हरियाणाच्या विक्रीकर खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. जे विणून तयार होते ते कापड. ते अंगावर घालतात की यंत्रावर चढवतात, याने फरक पडत नाही, असा निकालाचा आशय होता.

हा निकाल विक्रीकराचा होता. सीमाशुल्कात आधी अनुसूचीतील शीर्षकांचे शब्द आणि विभागांच्या व प्रकरणांच्या टिपा पाहाव्या लागतात. तेथेही दिशा बरीचशी तीच आहे. यंत्रांच्या सोळाव्या विभागाची पहिलीच टीप सांगते की तांत्रिक उपयोगाच्या कापडी वस्तू, म्हणजे शीर्षक ५९११ मधील माल, त्या विभागात येत नाही. कागदाच्या यंत्राचे अखंड वा जोडणी बसवलेले फेल्ट आज ५९११ मध्येच आहेत. चौरस मीटरला ६५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे ५९११ ३१ मध्ये आणि ६५० ग्रॅम वा अधिक वजनाचे ५९११ ३२ मध्ये. स्क्रीन प्रिंटिंगला लागणारे बोल्टिंग कापड ५९११ २० मध्ये आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. प्रत्येक कापडाला 'औद्योगिक' म्हटले की ते ५९११ मध्ये जात नाही. थानाच्या किंवा रोलच्या स्वरूपात येणाऱ्या कापडांपैकी टिपेत नावाने दिलेली तेवढीच तेथे बसतात. साधे पॉलिएस्टर कापड कारखान्यासाठी मागवले तरी ते आपल्या मूळ प्रकरणातच राहते.

आता रेक्झिनचे पाहू. प्लास्टिकचा थर दिलेले कापड सामान्यतः शीर्षक ५९०३ मध्ये येते. पीव्हीसीचा थर असेल तर ५९०३ १०, पॉलियुरेथेनचा असेल तर ५९०३ २०. थराचे वजन किती, याने फरक पडत नाही. मात्र प्रकरण ५९ च्या टिपेत काही कसोट्या आहेत. त्यातील चार प्रमुख अशा :

१. थर नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. केवळ रंग बदलला म्हणजे थर दिसला असे नाही. थर दिसत नसेल तर माल साध्या कापडात जातो.

२. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात माल ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती, म्हणजे साधारण पेन्सिलीभोवती, हाताने वाकवावा. न तुटता वाकत नसेल तर तो बहुधा प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात जातो.

३. कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडालेले असेल किंवा दोन्ही बाजू पूर्ण झाकलेल्या असतील आणि तो थर डोळ्यांनी दिसत असेल, तर तेही प्रकरण ३९.

४. फेसाळ, स्पंजासारख्या प्लास्टिकला केवळ मजबुतीसाठी कापड लावले असेल, तरीही प्रकरण ३९.

यांपैकी पहिल्या तीन कसोट्या नमुना हातात घेऊन दुकानात बसल्या बसल्या पाहता येतात. चौथीसाठी जाणकाराचा किंवा प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. ऑर्डर देण्यापूर्वीच नमुना मागवावा. धागा कोणता, थर कशाचा व कोणत्या बाजूला, चौरस मीटरचे वजन किती, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे आणि बिलावर तेच वर्णन लिहवून घ्यावे.

२०११ पासून शुल्काची आकारणी आयातदाराने स्वतः करायची आहे. "एजंटने लिहिले" हे उत्तर आपली जबाबदारी टाळू शकत नाही. प्रामाणिक चूक असेल तर २ वर्षांपर्यंतच्या मालावर फरक व व्याज मागता येते. जाणूनबुजून खोटे वर्णन केले किंवा माहिती दडवली असेल, तर ही मुदत ५ वर्षांची होते आणि बुडवलेल्या शुल्काइतका दंड बसू शकतो. पाच वर्षांचा नफा एका नोटिशीत जाऊ शकतो.

खरोखर शंका असेल तर कायद्यात वाटा आहेत. माल येण्यापूर्वी मुंबईच्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्णय अर्जदारावर व खात्यावरही बंधनकारक असतो. माल आलाच असेल तर बंधपत्र व तारण देऊन तात्पुरती आकारणी मागता येते. खात्याने लावलेला क्रमांक मान्य नसेल तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागावी. गप्प बसू नये.

शेवटी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. मापात-तोलात कमी करणाऱ्यांबद्दल कुरआनने किती कडक इशारा दिला आहे, हे आपण सर्व जाणतो. कागदावर मालाचे खोटे नाव लिहिणे हा त्याच जातीचा गुन्हा आहे. त्यात शेजारच्या दुकानातील पूर्ण शुल्क भरणाऱ्या भावाचाही हक्क मारला जातो. म्हणून पुरवठादाराने तो प्रश्न पुन्हा विचारला, तर आपले उत्तर एकच असावे : जो माल आहे, तेच नाव लिही. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.