१ + १ = १

मित्रांनो, हे समीकरण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात चालतं, मॅथ्समध्ये भोपळा मिळतो. पण एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांच्या चर्चमधल्या समूहगानाचं सूत्र हेच आहे. ते मांडलं त्यांच्या पत्नी नोरा यांनी.

पॅर्ट यांचा जन्म १९३५ चा. तरुणपणी ते एस्टोनियन रेडिओवर साउंड इंजिनिअर होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! १९६८ साली त्यांच्या ‘क्रेडो’ या रचनेत ख्रिस्तावरची श्रद्धा उघडपणे गायली गेली. सोव्हिएत राजवटीला ते खपलं नाही, आणि तिच्यावर बंदी आली. पुढची आठ वर्षं त्यांनी फारसं काही प्रसिद्ध केलं नाही. १९७१ ची तिसरी सिंफनी सोडली तर जवळजवळ मौनच. या काळात ते जुनं, एका सुरातलं ग्रेगोरियन गायन शिकत राहिले.

१९७६ मध्ये ‘फ्युअर अलिना’ या छोट्याशा पियानो रचनेतून नवी पद्धत बाहेर आली. तिचं नाव टिंटिनाब्युली, लॅटिनमध्ये छोट्या घंटा. नियम एकदम सोपा आहे. पहिला आवाज पायरीपायरीने चढतो-उतरतो. दुसऱ्याला तीनच स्वर: सा, कोमल ग, प. पहिला ‘रे’वर असेल तर दुसऱ्याने जवळचा वरचा कोमल ग घ्यायचा, नाहीतर खालचा सा. ‘मिसा सिलाबिका’ (१९७७) मध्ये तर शब्दात किती सिलॅबल आहेत त्यावरून सूर ठरतात. अगदी अल्गोरिदम!

मग यात भावना कुठून येते? मी शाळेच्या क्वायरमध्ये नेहमी दुसरा आवाज गायचे. तो आवाज कुणी गुणगुणत घरी जात नाही. पॅर्ट मात्र म्हणतात, पहिला आवाज म्हणजे चुकणारा, भटकणारा माणूस आणि दुसरा म्हणजे क्षमा. पहिला कुठेही गेला तरी दुसरा त्याला सोडत नाही. म्हणून दोन मिळून एकच.

१९८० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. ‘पासिओ’ (१९८२) तिकडेच पूर्ण झालं. पुढे ते मायदेशी परतले, आणि २०१८ मध्ये लाउलास्मा इथे त्यांच्या नावाचं केंद्र उभं राहिलं.

आपल्याकडे एक सेमिस्टर वाया गेलं की सगळं संपल्यासारखं वाटतं. ज्यांना तसं वाटतंय त्यांनी आज रात्री लाइट बंद करून ‘फ्युअर अलिना’ ऐकावं. आठ वर्षांच्या शांततेनंतरचे ते पहिले स्वर आहेत.