आजी-आजोबांचा फोटो कसा काढावा? – हौशी छायाचित्रकारांसाठी एक पाठ



आपल्या घरातलं एखादं वडीलधारं माणूस जातं, तेव्हा त्या धावपळीत एक काम हमखास निघतं. ते म्हणजे फोटो शोधण्याचं. तेराव्याच्या आत फ्रेम हवी असते. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण त्या माणसाचा एकट्याचा, नीट, हसरा फोटो काही केल्या सापडत नाही. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करायचा, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून काढायचा.

माझ्या आजीच्या वेळी आम्ही हेच केलं. मोठा केल्यावर तो फोटो फुटला आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी बोटं राहिली. ती बोटं आजही आमच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये आहेत. गंमत म्हणजे त्या काळात माझ्याकडे चांगला कॅमेरा होता! मी त्यावर फुलं, पक्षी आणि सूर्यास्त टिपत होतो.

म्हणून आजच्या पाठात आपण एकच गोष्ट शिकणार आहोत. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा एक चांगला फोटो कसा काढायचा आणि तो कसा जपायचा? कॅमेरा असेल तर उत्तमच, नसेल तर साधा मोबाइलही चालेल. चला तर मग, सुरुवात करूया.

१. आधी उजेड शोधा

फोटो म्हणजे उजेडाचा खेळ. फ्लॅश बंद ठेवा. समोरून थेट येणारा फ्लॅश चेहरा सपाट करतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पाडतो.

घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे दार किंवा खिडकी. आजोबांना उंबरठ्यापासून दोन-तीन हात आत, सावलीत बसवा. तोंड दाराकडे करा. अंगणातून येणारा उजेड मऊ असतो, त्यामुळे डोळ्यांत चमक येते. खिडकी असेल तर ती माणसाच्या एका बाजूला ठेवा. चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी जराशी अंधारी दिसली की चेहऱ्याला उठाव येतो. डच चित्रकार रेम्ब्रां यांच्या चित्रांत असा एका बाजूचा उजेड दिसतो. अंधाऱ्या बाजूच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडला, तर त्या प्रकाशयोजनेला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

दोन चुका टाळा:

- भर दुपारी उन्हात उभं करू नका. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो.
- खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल तर घरातला बल्ब किंवा ट्यूब बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा दिसतो. हे नंतर एडिटिंगमध्ये सुधारणं फार अवघड जातं.

२. मागे काय आहे ते बघा

आपण चेहऱ्याकडे बघत राहतो आणि मागचं कॅलेंडर, गॅस सिलिंडर, वाळत घातलेले कपडे दिसतच नाहीत. फोटोत मात्र ते सगळं येतं. खुर्ची भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घ्या. सावली भिंतीवर पडणार नाही आणि मागचा भाग थोडा धूसर होईल.

पण सगळंच काढून टाकू नका हं! आजीची सुपारीची चंची, आजोबांची काठी, शिलाई मशीन या त्या माणसाच्याच खुणा आहेत. त्या फोटोत असू द्या.

३. फार जवळ जाऊ नका

मोबाइल चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. असं का होतं? नाक कॅमेऱ्यापासून एक फुटावर असेल, तर कान त्याच्या सुमारे पाच इंच मागे असतात. म्हणजे १२ इंच आणि १७ इंच. हा फरक मोठा आहे. तेच तुम्ही पाच फूट लांब गेलात, तर अंतरं होतात ६० आणि ६५ इंच. फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून पाच-सहा फूट मागे उभे राहा आणि मोबाइलला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर लांबूनच फोटो काढून नंतर थोडा कापा. कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स यासाठी छान.

कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. आजी खाली बसली असेल तर आपणही खाली बसायचं. वरून काढलेल्या फोटोत माणूस उगाच लहान, केविलवाणा दिसतो.

४. सेटिंग आणि फोकस

मोबाइल वापरत असाल तर:

- आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. फोटो धुरकट येण्याचं कारण बऱ्याचदा बोटांचे डागच असतात.
- ब्यूटी फिल्टर बंद करा.
- स्क्रीनवर डोळ्यावर बोट ठेवून फोकस करा.

कॅमेरा वापरत असाल तर छिद्र एफ ४ च्या आसपास आणि शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. उजेड कमी पडला तर आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, पण हललेला फोटो दुरुस्त होत नाही. आणि फोकस जवळच्या डोळ्यावर!

एक अडचण आपल्याकडे नेहमी येते. पांढरी टोपी, पांढरं धोतर किंवा पांढरं लुगडं. कॅमेरा समोरच्या दृश्याला मध्यम करड्या रंगाचं धरून उजेड मोजतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. अशा वेळी एक्स्पोजर थोडं वाढवा. याउलट मागे काळोख असेल तर कॅमेरा फोटो जास्तच उजळ करतो, म्हणून तिथे थोडं कमी करा. टोपीच्या घड्या दिसतायत ना, एवढं तपासा. पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातला तपशील परत आणणं कठीण असतं.

चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर मान जराशी वळवायला किंवा किंचित खाली करायला सांगा. चष्मा काढू नका. आपल्याला आजोबा चष्म्यातच आठवणार आहेत.

५. सगळ्यात महत्त्वाचं: बोला!

“आजी, हस ना” म्हटलं की आजी ताठ बसते आणि ओठ मिटून घेते. कॅमेरा गळ्यात राहू द्या आणि विचारा, “आजी, तुझ्या लग्नात पंगतीला काय होतं गं?” ती बोलायला लागली की पाच-सहा फोटो पटापट काढा. एखाद्यात डोळे मिटलेले असणारच.

आणखी एक युक्ती सांगतो. “झालं हं” असं म्हणा, पण कॅमेरा खाली घेऊ नका. तेव्हा खांदे सैल पडतात आणि खरा चेहरा दिसतो. तो फोटो टिपा. आणि त्यांना नको असेल तर आग्रह धरू नका. उद्या पुन्हा विचारा.

६. एडिटिंग: कमीत कमी

मूळ फाइल तशीच ठेवा, तिच्या प्रतीवर काम करा. क्रम असा ठेवा:

१. फोटो सरळ करा आणि कडा कापा. डोक्यावर थोडी जागा सोडा.
२. रंगाचा तोल साधा. टोपी किंवा लुगडं पांढरं दिसलं पाहिजे, निळं किंवा पिवळं नाही.
३. उजेड वाढवा किंवा कमी करा.
४. सावल्या किंचित उघडा.
५. शेवटी डोळ्यांपाशी थोडीशी धार द्या.

बस्स, इथे थांबा. सुरकुत्या पुसू नका, रंग गोरा करू नका. उन्हात काम करून रापलेला चेहरा हा काही फोटोतला दोष नाही. एडिटिंग झाल्यावर एकदा घरच्यांना विचारा, “ही आपलीच आजी वाटते ना?” उत्तर द्यायला कुणी अडखळलं, तर समजा की आपण जास्त केलंय.

७. फोटो जपा

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो. मूळ फोटो पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ८ × १२ इंचाची उत्तम प्रत छापायला इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने २४०० × ३६०० बिंदू लागतात, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल. आजचे बहुतेक मोबाइल एवढं सहज देतात. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवा. फाइलला नाव, गाव आणि तारीख द्या. आणि एक प्रत छापून त्यांच्याच हातात द्या. फोटो हारासाठीच छापायचा असतो असं कुणी सांगितलं?

करून पाहा

येत्या रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दारापाशी खुर्ची टाकून द्या. एक कप चहा द्या. दहा मिनिटं गप्पा मारा आणि वीस फोटो काढा. त्यातला एक निवडा आणि त्याच आठवड्यात छापून आणा.

आजीच्या खांद्यावरच्या त्या परक्या बोटांनी मला हा पाठ शिकवला, पण उशिरा. तुमच्याकडे अजून वेळ आहे. फुलं आणि सूर्यास्त पुढच्या रविवारीही असतीलच.